सोसायटीतली माती आणि मातीतले साप: घोडबंदर रोडवरील एक प्रकरण

या प्रकरणातल्या सोसायटीचं नाव, नेमकी जागा आणि माणसांची ओळख वगळली आहे. माती आणि बागा हा माझ्या कामाचा विषय, त्यामुळे सोसायटीने मला बोलावलं ते बागेसाठी. प्रश्न मात्र सापांचा निघाला, आणि त्याचं उत्तर शेवटी मातीतच सापडलं.

पार्श्वभूमी

ठाण्याहून घोडबंदरकडे जाताना डाव्या हाताला येऊरचे डोंगर लागतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या जंगलाची ही ठाण्याकडची बाजू. उजव्या हाताला जमीन खाडीकडे उतरत जाते. डोंगर बेसॉल्टचा आहे. हा खडक हजारो पावसाळे झिजला की त्याचा मुरूम होतो. मुरमातले बारीक कण पाण्याबरोबर खाली वाहतात आणि सखल भागात चिकण माती साठते. म्हणून याच पट्ट्यात वर मुरूम आणि खाली भातखाचरं अशी रचना पूर्वापार होती.

सोसायटीचा प्लॉट उताराचा आणि लांबट असल्यामुळे हे दोन्ही प्रकार एकाच कुंपणात आले होते. मागच्या भिंतीलगत डोंगरपायथ्याचा दगडगोट्यांचा मुरूम, आणि पुढच्या खालच्या कोपऱ्यात जुन्या खाचराची चिकण माती. मधल्या भागात इमारती आणि बाग. बागेची माती या जागेची नव्हती. बांधकाम संपल्यावर बिल्डरने ट्रकने लाल माती आणून टाकली आणि त्यात शेणखत व कोकोपीट मिसळलं. ताबा मिळाल्यानंतर रहिवाशांनी हौसेने त्यात भर घातली. शिवाय लहान मुलांसाठी नदीच्या बारीक वाळूने भरलेला एक खेळाचा खड्डा होता. म्हणजे एकाच आवारात चार वेगवेगळ्या जमिनी. सापांच्या दृष्टीने ही चार वेगळी गावंच होती, हे तेव्हा कोणाच्या मनात आलं नव्हतं.

समस्या

मे महिन्याच्या शेवटी एका संध्याकाळी वाळूच्या खड्ड्यात जाडजूड, तपकिरी ठिपक्यांचा साप निघाला. त्यानंतर पंधरवड्यात पाऊस सुरू झाला आणि तळमजल्याच्या बाथरूममध्ये गांडुळासारखे काळसर, चकचकीत, वळवळणारे जीव दिसू लागले. आधी एका विंगमध्ये, मग दुसऱ्या. ग्रुपवर फोटो फिरू लागले. "खड्ड्यात दिसला त्याचीच ही पिल्लं" असा निष्कर्ष एका रात्रीत पक्का झाला आणि दुसऱ्या दिवशी कमिटीपुढे अर्ज आला: आवारात सापांची पैदास झाली आहे, तातडीने बंदोबस्त करावा.

खड्ड्यातला साप होता डुरक्या घोणस आणि बाथरूममधले होते वाळे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोघेही बिनविषारी आणि दोघेही जमिनीत राहणारे, पण जमिनीत राहण्याची त्यांची रीत वेगळी आणि त्यांना हवी असलेली मातीही वेगळी. अर्जातला 'साप वाढले' हा शब्दप्रयोग सगळ्या गोंधळाचं मूळ होता. वाढलं होतं ते सापांचं दिसणं. संख्या वाढली की नाही हे कोणालाच सांगता आलं नसतं.

पहिला निर्णय: वाळूच्या खड्ड्याजवळ

त्या संध्याकाळी एक मुलगा प्लास्टिकच्या फावड्याने वाळू उकरत होता. हातभर अंतरावर वाळू हलली आणि सापाचा अर्धा भाग वर आला. वॉचमन काठी घेऊन धावला. शहापूरकडचे माळीकाका तिथे होते, ते ओरडले, "काठी खाली ठेव. आधी पोरांना लांब घे." मुलं बाजूला झाली, दोघं जण लांबून सापावर नजर ठेवून उभे राहिले आणि सर्पमित्राला फोन गेला. या साऱ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच, आणि तो काही क्षणांत झाला.

सर्पमित्र आला तेव्हा सेक्रेटरींनी विचारलं, "दादा, घोणसच आहे ना?"

"घोणस समजूनच लांब राहिलात ते बरोबर केलंत. पण ही डुरक्या आहे. विष नाही, चावरी मात्र आहे."

दोघींत गल्लत होणं अगदी स्वाभाविक आहे. घोणशीच्या अंगावर गडद कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या साखळीसारख्या ओळी असतात, डोकं त्रिकोणी आणि मानेपासून वेगळं दिसतं, शेपूट निमुळतं होत जातं. डुरक्याच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले असतात, डोकं मानेतच संपल्यासारखं दिसतं आणि आखूड शेपूट एकदम निमुळतं होऊन संपतं. शेपटाकडचे खवले खरखरीत असतात. हे सगळं वाचायला सोपं आहे, तिन्हीसांजेला अर्धवट वाळूत पुरलेल्या सापावर ओळखणं अवघड. घोणस ही नाग, मण्यार आणि फुरशाबरोबर आपल्याकडच्या चार प्रमुख विषारी सापांपैकी एक आहे आणि ठाण्याच्या परिसरात ती आढळते. ओळख पटेपर्यंत तिला घोणस मानणं आणि तरीही न मारणं, हे दोन्ही एकाच वेळी करता येतं.

लगेच दुसरा प्रश्न आला: सोडायची कुठे? जमलेल्यांचं म्हणणं, येऊरला आत, जितकी लांब तितकं बरं. सर्पमित्राने वनविभागाला कळवलं, नोंद झाली, आणि साप सोसायटीपासून फार दूर न नेता डोंगरपायथ्याच्या ओढ्याकाठी, गाळवाळूच्या जागी सोडला गेला. काहींना हे पटलं नाही. कारण मात्र समजून घेण्यासारखं आहे. डुरक्या भक्ष्यामागे धावत नाही. भुसभुशीत मातीत अंग पुरून, डोळे आणि नाकपुड्या जेमतेम वर ठेवून ती वाट बघते. तिची शिकार करण्याची सगळी पद्धत सुट्या मातीवर उभी आहे. दगडी मुरमाच्या दाट उतारावर तिला नेऊन टाकलं, तर लपायची जागा नाही, शिकारीची सोय नाही आणि उंदराची बिळं कुठे आहेत याची माहिती नाही. साप वाचवला असं आपल्याला वाटतं आणि तो तिथे उपाशी मरतो. साप सोडताना किती किलोमीटर लांब सोडला हे लोक विचारतात. कोणत्या मातीत सोडला हे विचारायला हवं.

साप मुळात खड्ड्यात का आला होता, हेही त्याच संध्याकाळी दिसलं. खड्ड्याला लागून कबुतरांना दाणे टाकायचा कट्टा होता. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येत. बाजूला मऊ वाळू, वरचा थर सुका आणि खाली थंड ओल. डुरक्याला आयतं घर आणि आयतं ताट एकाच ठिकाणी मिळालं होतं.

घाईचा निर्णय

जूनमध्ये वाळे दिसू लागल्यावर कमिटीने बैठक ठेवली. बैठकीआधीच एका विंगच्या काही रहिवाशांनी परस्पर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून आपल्या खिडक्यांखालच्या वाफ्यांत कीटकनाशक ओतून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाफ्यांभोवतीच्या लादीवर मेलेली गांडुळं पडली होती आणि त्यांच्यात कितीतरी वाळे तडफडत होते. जे वाळे एरवी मातीत राहिले असते, ते एका रात्रीत सगळ्यांच्या पायाशी आले. साप पळवण्यासाठी टाकलेल्या औषधाने त्यांना बाहेर काढण्याचंच काम केलं.

वाळा म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. पेन्सिलीएवढा किंवा त्याहून लहान, साधारण वीतभर लांबीच्या आतला हा साप मुंग्या आणि वाळवीची अंडी, अळ्या, कोष खातो. त्याचे डोळे खवल्याखाली दडलेले, काळ्या ठिपक्यांसारखे. गांडुळाला वलयं असतात आणि ते चिकट लागतं. वाळ्याचं अंग कोरडं, गुळगुळीत, खवल्यांचं असतं आणि नीट पाहिलं तर बारीक जीभ लपलपताना दिसते. शेपटाच्या टोकाला बारीक काट्यासारखं टोक असतं, हातात धरला की ते टोचतं, म्हणून 'नांगी मारतो' असं लोक म्हणतात. तो कानात शिरतो हा समजही घरोघरी आहे. दोन्ही खोटं. त्याच्याकडे विष नाही आणि माणसाला चावता येईल एवढं तोंडही नाही.

या जातीत नर नसतात. मादी एकटीच अंडी घालते आणि त्यातून मादीच निघते. त्यामुळे कुंडीतल्या मातीतून एक वाळा कुठेही पोचला की तिथे वसाहत उभी राहू शकते. अंटार्क्टिका सोडून जगातल्या सगळ्या खंडांवर हा साप पोचला आहे, आणि पोचला तो मुख्यतः रोपांच्या कुंड्यांतून. तेव्हा बाहेरून ट्रकभर माती, शेणखत आणि नर्सरीची रोपं आणणाऱ्या सोसायटीत वाळे असणं हे आश्चर्य नाही.

कोणते पर्याय समोर होते

सर्वसाधारण सभेत तीन मागण्या आल्या.

पहिली फवारणीची. फिनाईल, कार्बोलिक अॅसिड, गंधक अशी नावं घेतली गेली. या वासांनी साप दूर राहतात याचा भरवशाचा पुरावा नाही, आणि जमिनीखाली तर ते पोचतही नाहीत. पोचतं ते कीटकनाशक, आणि त्याचा परिणाम सगळ्यांनी लादीवर पाहिलेला होता. शिवाय सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मुद्दाम विष घालून त्यांना मारणं हा सोसायटीने ठराव करण्याचा विषय नाही.

दुसरी मागणी: सगळे वाळे वेचून येऊरला नेऊन सोडावेत. वीतभर लांबीच्या, मातीत राहणाऱ्या, एकटीनेच वाढणाऱ्या जातीचे 'सगळे' वेचणं शक्य नाही. आणि बागेच्या मातीतून जंगलात नेलेल्या प्राण्याबरोबर काय काय जातं हे आपल्याला दिसत नाही. त्यामुळे हा पर्याय मी ठामपणे नाकारला.

तिसरी मागणी सर्वांत लोकप्रिय होती: बाग कमी करून सगळीकडे पेव्हर ब्लॉक. स्वच्छ दिसतं, चिखल होत नाही, साप लपत नाहीत. यावर चर्चा लांबली. पेव्हर ब्लॉक बसवताना खाली बारीक खडी किंवा वाळूचा थर घालतात. ब्लॉकच्या फटींतून मुंग्या त्या थरात वारुळं करतात, कारण तो थर सुटा, कोरडा आणि वरून झाकलेला असतो. फुटपाथवरच्या फटींशेजारी बारीक वाळूच्या राशी दिसतात त्या त्यांच्याच. मुंग्या गेल्या तिथे वाळा जातो. म्हणजे पेव्हरखाली तो राहील, फक्त दिसणार नाही, आणि पाऊस पडला की पुन्हा वर येईल. शिवाय उताराच्या प्लॉटवर पाणी मुरायची जागा बंद केली की ते खालच्या कोपऱ्यात तुंबणार. माळीकाका या सभेत एकदाच बोलले: "साहेब, पाणी जिरायला वाट नाही म्हणून ते घरात येतात. वाट अजून बंद केली तर कुठे जातील?"

मी चौथा पर्याय मांडला: आधी जमीन तपासू, मग ठरवू. मंजुरी मिळाली, पण काठावरच्या मतांनी.

मातीत काय सापडलं

तपासणी साधी होती, कोणत्याही सोसायटीला करता येईल अशी. चारही जागांची माती काचेच्या बरण्यांत पाणी घालून हलवून ठेवली. वाळूचे कण दोन मिलिमीटरपासून ०.०५ मिलिमीटरपर्यंतचे, ते मिनिटभरात तळाशी बसतात. पोयटा त्याहून बारीक, तो काही तासांत बसतो. चिकण कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान, ते दिवस दिवस पाणी गढूळ ठेवतात. थरांची जाडी पाहिली की मातीचा स्वभाव कळतो. मग जागोजागी हातभर खड्डे घेतले, त्यात पाणी ओतलं आणि किती वेळात जिरतं ते पाहिलं.

खाचराच्या कोपऱ्यातली बरणी दोन दिवस निवळली नाही. ही माती ओली असताना बुटाला चिकटते आणि मे महिन्यात विटेसारखी कडक होते. कण इतके बारीक की ओलं असताना अंगाला घट्ट चिकटतात, सुकल्यावर डोक्याने ढकलून वाट काढणं अशक्य. स्वतः माती ढकलत जाणाऱ्या सापांना ही जमीन जवळजवळ बंद असते. तरीही इथे साप नाहीत असं म्हणता येत नाही. उन्हाळ्यात या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, उंदीर बिळं करतात, आणि त्या आयत्या वाटांत नाग, धामण यांसारखे साप थांबतात. ते खोदत नाहीत. वारूळ वाळवीचं आणि नाग त्यात पाहुणा, हे आपल्याकडे नागपंचमीला वारुळाची पूजा करणाऱ्यांनाही ठाऊक असतं. खोदणारे साप आणि बिळात राहणारे साप यांतला फरक या कोपऱ्यात स्पष्ट दिसला. पाऊस पडला की चिकण माती फुगते, भेगा मिटतात आणि आतल्यांना बाहेर पडावं लागतं. म्हणून पहिल्या पावसानंतर हा कोपरा जास्त जपायचा.

मागच्या मुरमात वाळू आणि खडी भरपूर, पाणी झरझर जिरणारं, पण खोली कमी. थोडं उकरलं की खडक. इथे आतल्या बोगद्यांपेक्षा दगडांखालच्या जागा आणि पालापाचोळ्याचा थर हेच आसरे होते. सुट्या दगडांचे ढीग पाहून मी तिथे हात घालू नका एवढंच सांगितलं. कोकणात दगडांखाली फुरसं बसतं हे विसरून चालत नाही.

बाग मात्र वेगळीच निघाली. वरचा थर गुडघाभर, भुसभुशीत, सेंद्रिय पदार्थांनी भरलेला, गांडुळांनी आणि मुंग्यांनी जिवंत. त्याखाली एकदम रोलरने दाबलेला मुरूम आणि चिकण मातीचा भराव. त्या भरावात बांधकामाचं डेब्रिज आणि शटरिंगच्या प्लायचे तुकडे पुरलेले होते, आणि प्लायमध्ये वाळवी. वाळ्यासाठी याहून चांगली जागा शोधून सापडली नसती: वर मऊ माती, खाली अन्न. पण पाणी ओतल्यावर ते वरच्या थरातून पटकन उतरलं आणि दाबलेल्या भरावावर येऊन थांबलं. तासाभराने खड्डा तसाच भरलेला. पावसात हेच होत होतं. सुट्या मातीतली हवेची पोकळी पाण्याने भरे, आत श्वास घेणं अशक्य होई, आणि वाळे वर येऊन जिथे कोरडी फट दिसेल तिथे घुसत. तळमजल्याच्या बाथरूमच्या नाहणीच्या जाळ्या बागेच्या पातळीलाच होत्या.

मातीमुळे किती फरक पडतो याचं एक उदाहरण मी रहिवाशांना मुद्दाम दिलं, कारण एका काकांनी मोबाइलवर वाचून 'हे खापरखवले तर नाहीत' असं विचारलं होतं. खापरखवले सह्याद्रीच्या पावसाळी भागातले, गांडुळं खाणारे आणि पिल्लं देणारे साप. त्यांचं डोकं शंकूसारखं टोकदार आणि कवटी बळकट, शेपटाचं टोक खापरासारखं खडबडीत, त्यावर अनेकदा मातीची चकती चिकटलेली. त्यांच्या शरीराचा पुढचा भाग खास ताकदवान असतो: कातडीच्या आत कणा आणि स्नायू वळ्या घेतात, अंग बोगद्यात पाचरीसारखं घट्ट होतं आणि तिथून डोकं पुढे ढकललं जातं. एवढं यंत्र असूनही त्यांना ओलसर, मऊ, कुजलेल्या पाल्याची माती लागते. दाबलेल्या भरावात तेही चालणार नाहीत. वाळ्याकडे तर हे यंत्र इतकं बळकट नाही. तो मुंग्यांनी पोखरलेल्या आणि भुसभुशीत जागांतून वाट काढतो. म्हणूनच त्याची संख्या मातीवर इतकी अवलंबून.

केलेली कामं

मी कमिटीला एक गोष्ट आधीच स्पष्ट केली. आपण बागेची माती सुधारली तर तिच्यात वाळे कमी होतीलच असं नाही, कदाचित वाढतीलही. कमी होतील त्या माणसांच्या गाठीभेटी. तुम्हाला आकडा कमी हवा आहे की बाथरूममध्ये साप नको आहे? चेअरमन मॅडमनी यावर सरळ उत्तर दिलं, "मला बाथरूममध्ये नको आहे. बागेत काय आहे ते असू दे." तिथून काम सोपं झालं.

वेळेचा निर्णय बाकी होता. भर पावसात बाग उकरणं म्हणजे उघड्या पडलेल्या सगळ्या जीवांना इमारतींकडे ढकलणं. काहींना थांबणं मंजूर नव्हतं. अखेर पावसाळ्यात फक्त नाहण्यांना बारीक जाळ्या बसवायच्या आणि दारांखालच्या फटी बंद करायच्या, मातीचं काम दिवाळीनंतर करायचं असं ठरलं.

दिवाळीनंतर इमारतींच्या भिंतीलगत पट्टा उकरून भरावात उतरत्या चरी काढल्या आणि त्यात खडी व छिद्रांचे पाइप घालून पाण्याला उताराच्या दिशेने वाट दिली. भिंतीला लागून असलेला मऊ मातीचा थर काढून तिथे रुंद खडीचा पट्टा केला, म्हणजे बागेचा भुसभुशीत भाग घराच्या पायापासून तुटला. प्लायचे तुकडे जितके सापडले तितके काढले. सकाळ-संध्याकाळ पाइप लावून सोडण्याची सवय मोडून एक वेळ, गरजेपुरतं पाणी सुरू केलं. बाग सुरू राहिली, मातीही तीच राहिली.

वाळूच्या खड्ड्यावर जास्त वाद झाला आणि कबुतरांच्या कट्ट्यावर त्याहून जास्त. कट्टा बंद करायला काही ज्येष्ठांचा विरोध होता, कारण ते त्याला पुण्याचं काम मानत, आणि त्यांची भावना खरी होती. एकीकडे मुलं आणि दुसरीकडे दाण्यांवर येणारे उंदीर असा प्रश्न समोर ठेवल्यावर त्यांनीच दाणे टाकणं थांबवलं. खड्डा पूर्ण बुजवावा असं काही पालकांचं मत. पण आवारातली मुलं मातीत हात घालतात अशी ती एकच जागा होती, आणि ती जावी असं मला मनापासून वाटत नव्हतं. खड्डा उजेडाच्या, मोकळ्या जागी हलवला, तळ पक्का केला आणि पाणी निघायला छिद्रं ठेवली, वाळूची खोली कमी केली, संध्याकाळी ताडपत्री कडेने घट्ट बांधायची आणि सकाळी मुलं येण्याआधी माळीकाकांनी लांब दांड्याच्या दंताळ्याने वाळू चाळवायची असं ठरलं. उथळ वाळूतही डुरक्या पुरून बसू शकते, म्हणून या सगळ्यात ताडपत्री सर्वांत महत्त्वाची, बाकी सगळं तिच्या मदतीला.

परिणाम

पुढच्या पावसाळ्यात बाथरूममध्ये वाळा दिसल्याच्या तक्रारी तुरळक राहिल्या. बागेत मात्र कुंडी उचलली की खाली वाळा दिसे, पूर्वीइतकाच, आणि लोक तो पाहून कुंडी हळूच परत ठेवत. ज्या विंगच्या वाफ्यांत कीटकनाशक ओतलं होतं तिथली माती सर्वांत उशिरा सावरली. तिथे गांडुळं परतायला बराच काळ गेला आणि झाडंही मरगळलेली राहिली. नव्या खड्ड्यात साप दिसला नाही. एक डुरक्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मागच्या भिंतीजवळ दिसली. यावेळी कोणी काठी घेतली नाही, ती स्वतःच झुडपात निघून गेली.

या यशाचं श्रेय नक्की कशाला द्यायचं हे मात्र सांगता येत नाही. जाळ्या आणि चरी दोन्ही पुढच्या पावसाळ्याआधीच झाल्या. वाळे बाहेर येणं थांबलं की फक्त आत येणं थांबलं, हे वेगळं करता येत नाही. मला चरींचा वाटा मोठा वाटतो, कारण भर पावसातही बागेच्या कडेला पूर्वीसारखं पाणी साचलेलं दिसलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी माती घेताना. बागेसाठी माती मागवताना रंग आणि भाव पाहिला जातो. ती कुठून येते, तिच्यात काय मिसळलंय, खालचा भराव किती दाबलेला आहे याची चौकशी बिल्डरने केली नव्हती आणि ताबा घेताना रहिवाशांनीही केली नाही. मऊ माती टाकण्याआधी खालचा भराव फोडून मोकळा केला असता आणि डेब्रिज उचललं असतं, तर नंतरच्या चरींची गरजच पडली नसती. नर्सरीतून येणारी रोपं आणि शेणखताच्या गोण्या थेट वाफ्यात न रिकामी करता पक्क्या जागेवर काही दिवस ठेवून, उलटून पाहाव्यात. त्यातून सगळे वाळे अडणार नाहीत, पण वाळवीने भरलेलं खत तरी लक्षात येईल.

दुसरं, नोंदी. साप कुठे, कधी, कोणत्या मातीवर दिसला आणि त्याच्या आदल्या रात्री पाऊस झाला होता का, एवढी चार वाक्यं वॉचमनच्या वहीत पहिल्या दिवसापासून असती, तर पहिल्याच बैठकीत वाळे आणि डुरक्या वेगळे काढता आले असते. आता ती वही आहे.

तिसरं, ठरावाआधी परस्पर औषध ओतणं थांबवण्यासाठी कमिटीने पहिल्याच दिवशी एक साधी सूचना लावायला हवी होती: साप दिसल्यास लांब राहा, वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर किंवा नोंदणीकृत सर्पमित्राला कळवा, स्वतःहून काही ओतू नका. ती सूचना पुढे लिफ्टमध्ये लागली.

खाचराच्या कोपऱ्याचं काम अजून बाकी आहे. तिथे पार्किंग वाढवण्याचा प्रस्ताव आला आहे आणि त्यासाठी पुन्हा भराव लागेल. मी कमिटीला कळवलं आहे की भराव टाकण्याआधी, मे महिन्यात भेगा उघड्या असताना त्या तशाच बुजवू नयेत. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, भेगा रुंद होण्याआधी करावं आणि एका बाजूने सुरू करून हळूहळू मोकळ्या कुंपणाकडे सरकावं, म्हणजे आतल्यांना बाहेर पडायला वाट राहील. यावर निर्णय पुढच्या सभेत होईल.